लॉफ्ट पिळतो, मध्ये फुगतो, शेल होत नाही: गोल तोंडापासून चौकोनी तोंडापर्यंत वळणारा डक्ट

अर्धवर्तुळ

सॉलिडवर्क्स या थ्रीडी कॅड सॉफ्टवेअरमध्ये हवेचा एक डक्ट काढतोय. मापं अशी:

खालचं तोंड ८० मि.मी. व्यासाचं वर्तुळ, आडव्या प्लेनवर. वरचं तोंड १२० × ६० चा आयत, उभ्या प्लेनवर, कोपऱ्यांना त्रिज्या २. म्हणजे डक्ट ९० अंशात वळतो. वळणाच्या दिशेत आयताची ६० ची बाजू आहे, १२० ची बाजू आडवी. सेंटरलाइन म्हणून ११० त्रिज्येचा कंस दिलाय. भिंत २ मि.मी. हवी.

दोन प्रोफाइल (टोकांचे छेद) आणि सेंटरलाइन देऊन लॉफ्ट (एका छेदापासून दुसऱ्यापर्यंत ओढलेला आकार) होतो, पण

१. सगळी नळी पिळल्यासारखी दिसते.
२. मधल्या भागात पोट सुटतं.
३. आतल्या बाजूला २ मि.मी. शेल (भरीव आकार पोखरून नुसती भिंत ठेवणं) दिला की फीचर फेल.

फुगवटा घालवायला मध्ये आणखी पाच स्केच घातले. पोट गेलं, पण लांबीभर लाटा आल्या. स्केच वाढवायचे की दुसरं काही करायचं?

साचेकार

स्केच वाढवू नका, ते पाचही काढून टाका. आधी पीळ.

वर्तुळाला कोपरा नसतो. तुमच्या आयताला मात्र आठ तुकडे आहेत: चार रेषा, चार कोपऱ्यांचे कंस. वर्तुळावरचा कुठला बिंदू आयताच्या कुठल्या बिंदूला जोडायचा हे तुम्ही सांगितलेलं नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर अंदाजाने जोडतं. त्यात प्रोफाइल निवडताना क्लिक भलतीकडे पडलं तर सगळ्या जोड्या एक घर सरकतात. पीळ येतो तो इथून.

उपाय: वर्तुळाचेही आठ तुकडे करा. स्केचमध्ये 'स्प्लिट एंटिटीज' घेऊन आठ बिंदू टाका आणि कोनांची मापं द्या. आडव्या अक्षापासून मोजलं तर कोपऱ्याचा कंस २२ ते ३८ अंश, म्हणजे १६ अंशांचा, मध्य ३० वर. तोच इतर तीन चतुर्थांशांत आरशासारखा. मग लांब बाजूंच्या वाट्याला १०४ अंशांचे दोन कंस येतात, आखूड बाजूंच्या वाट्याला ४४ अंशांचे दोन. बेरीज: २०८ + ८८ + ६४ = ३६०.

लॉफ्टमध्ये दोन्ही प्रोफाइल निवडताना एकमेकांच्या समोरच्या कोपऱ्याजवळ क्लिक करा. हिरवे कनेक्टर (कुठला बिंदू कुठल्या बिंदूला जोडलाय ते दाखवणाऱ्या खुणा) चुकीच्या जागी असतील तर ओढून जुळवा. प्रीव्ह्यूवर राइट क्लिक करून 'शो ऑल कनेक्टर्स' केलं की आठही जोड्या दिसतात. त्या बघितल्याशिवाय ओके दाबू नये.

पोकळी

+१, पण ३० अंश कशाला? मी कायम ४५ ला तोडतो. सोपं पडतं आणि सममितीही राहते.

साचेकार

आयत चौरस असेल तर ४५ बरोबर. १२० × ६० ला मात्र त्याने एका बाजूला जास्त ताण पडतो. आकडे मांडून बघू.

४५ अंशांवर तोडलं की चारही कंसांची जीवा ५६.६ मि.मी. ती लांब बाजूला १२० होते, म्हणजे २.१२ पट. आखूड बाजूला ६० होते, म्हणजे १.०६ पट. एका फेसवरचे (बाजूच्या पृष्ठभागावरचे) वक्र दुपटीने पसरतात आणि शेजारच्या फेसवर जवळपास समांतर जातात. कोपऱ्याची कड त्यामुळे तिरकी ओढली जाते.

३० अंशांवर तोडलं तर लांब बाजूची जीवा ६९.३, ती १२० होते: १.७३ पट. आखूड बाजूची ४०, ती ६० होते: १.५ पट. दोन्हीकडे ताण जवळपास सारखा.

मी कोन काढतो ते परिमितीच्या हिश्शाने. कोपऱ्याची त्रिज्या १० धरली (ती १० का, ते शेलच्या मुद्द्यात कळेल) तर आयताची परिमिती ३४२.८. त्यात १०० ची सरळ रेषा ३६० पैकी १०५ अंश खाते, ४० ची रेषा ४२ आणि कोपऱ्याचा कंस १६.५. त्यालाच पूर्णांक करून १०४, ४४, १६ घेतलेत.

पोकळी

पटलं. ४५ घेतल्यावर कोपऱ्याच्या कडेला जी तिरकी घडी दिसते, तिचं कारण आता लक्षात आलं.

त्रिज्या

शेलचं सांगतो, त्याचं उत्तर तुमच्या मापांतच आहे. बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या २ आणि भिंत आत २. म्हणजे आतल्या कोपऱ्याची त्रिज्या शून्य. कंसाचा फेस ऑफसेट होऊन एका रेषेवर गोळा होतो, आणि असा फेस शेलला बनवता येत नाही. दीड त्रिज्या असती तर उलटाच झाला असता.

नियम साधा आहे. शेल ज्या बाजूला द्यायचा, त्या बाजूला वक्रतेचं केंद्र असलेल्या प्रत्येक जागी त्रिज्या भिंतीपेक्षा मोठी हवी. आत शेल करताना बाहेर फुगलेले कोपरे बघायचे, बाहेर शेल करताना आत वळलेले. 'चेक' टूलमध्ये वक्रतेची किमान त्रिज्या मागता येते, ते आकडा आणि जागा दोन्ही दाखवतं. शेल फेल झाला की सगळ्यात आधी तिथे जावं. जाडी १.९, १.८ अशी घटवत बसण्यात वेळ जातो आणि कारण तसंच राहतं.

त्रिज्या १० करा. आतला कोपरा ८ चा होईल.

शेल तरीही अडला तर दुसरा मार्ग: आतला पोकळ भाग वेगळा लॉफ्ट कट म्हणून काढायचा. वर्तुळ ७६, आयत ११६ × ५६, कोपरे ८, आणि तुकडे पाडण्याचे कोन तेच. फक्त यात भिंत दोन टोकांनाच नेमकी २ असते. मध्ये भिंत जितकी तिरकी, तितकी ती पातळ होते: २ गुणिले तिरकसपणाच्या कोनाचं कोसाइन. तुमच्या सेंटरलाइनची लांबी १७२.८ आहे आणि अर्धी रुंदी ४० ची ६० होते, म्हणजे सरासरी कोन ६.६ अंश आणि जाडी १.९९. काही बिघडत नाही. हाच बदल ३० मि.मी. लांबीत असता तर कोन ३३.७ अंश आणि जाडी १.६६ झाली असती. तिथे हा मार्ग घेऊ नये.

वेणी

आता पोट आणि लाटा. दोन्हीचं मूळ एकच आहे: बाजूची रेषा कशी जावी हे तुम्ही कुठेच काढलेलं नाही. टोकं दिलीत, मधली वाट सॉफ्टवेअरवर सोडलीत. सेंटरलाइन फक्त मधल्या छेदांची प्लेन कशी वळावीत ते ठरवते, भिंत कुठून जावी ते नाही.

गाइड कर्व्ह, म्हणजे भिंतीची वाट ठरवणारे वक्र द्या, आणि या डक्टला ते फार सुंदर बसतात. वळणाच्या प्लेनमध्ये, कंसाच्या केंद्रापासून मोजा. आतली भिंत खाली ११० − ४० = ७० वर आहे, वर ११० − ३० = ८० वर. बाहेरची भिंत खाली १५०, वर १४०. म्हणजे आतला गाइड हा ७० आणि ८० अर्धअक्षांचा पाव लंबवर्तुळ, बाहेरचा १५० आणि १४० चा. दोघांचं केंद्र वळणाच्या केंद्रावरच. पाव लंबवर्तुळ दोन्ही टोकांना अक्षाला काटकोनात सुटतो, त्यामुळे दोन्ही प्रोफाइलच्या प्लेनला भिंत आपोआप लंब मिळते. एकाही स्प्लाइनची गरज नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाइडचे स्केच, प्रत्येक गाइड वेगळ्या स्केचमध्ये. मग प्रोफाइलचे स्केच. प्रोफाइलमध्ये लांब बाजूच्या रेषेच्या मध्यावर बिंदू घ्या आणि तो बिंदू आणि गाइड यांच्यात 'पिअर्स' संबंध द्या, म्हणजे गाइड स्केचच्या प्लेनला जिथे छेदतो नेमका तिथेच बिंदू बसतो. 'कोइन्सिडेंट' दिलात तर बिंदू वक्राच्या वाढवलेल्या भागावर किंवा नुसता त्याच्या प्रक्षेपावर बसू शकतो. दिसायला जुळलेलं दिसतं आणि लॉफ्ट मात्र 'गाइड प्रोफाइलला छेदत नाही' म्हणून अडतो.

वर्तुळाच्या कंसावरही मध्यबिंदूला हेच. दोन्ही गाइड बसल्यावर सेंटरलाइन काढून टाका, तिचं काम उरत नाही.

'गाइड कर्व्ह इन्फ्लुअन्स' ग्लोबल ठेवा. 'टू नेक्स्ट शार्प' किंवा 'टू नेक्स्ट एज' ठेवलं तर गाइडचा परिणाम जवळच्या कडेपर्यंतच पोचतो, आणि आखूड बाजूच्या फेसला गाइडच नसल्याने ती मोकळी राहते.

स्टार्ट आणि एंड कन्स्ट्रेंट आधी 'नन' ठेवून बघा. गाइड असताना वर 'नॉर्मल टू प्रोफाइल' लावून टँजंट लेंग्थ वाढवली की दोन मालक होतात आणि आखूड बाजू पुन्हा फुगते. रुंदीच्या बाजूला टोकाशी कोपर आलाच, तरच लावा, आणि लेंग्थ १ वरून खाली आणत जा.

अर्धवर्तुळ

पोट खरंच गेलं का, हे डोळ्यांपेक्षा आकड्यांनी तपासता येईल का?

वेणी

येतं, आणि डक्टला तेच करावं. वळणाच्या केंद्रातून १५, ३०, ४५, ६०, ७५ अंशांवर पाच प्लेन घ्या. प्रत्येकावर भरीव लॉफ्टचा छेद घेऊन 'सेक्शन प्रॉपर्टीज'मधून क्षेत्रफळ वाचा. खाली वर्तुळ ५०२७ चौ. मि.मी., वर आयत १० च्या कोपऱ्यांसह ७११४. सारख्या पायऱ्यांनी चढलं तर ५३७५, ५७२३, ६०७१, ६४१८, ६७६६. नेमके हेच आकडे यायला नकोत. बघायचं ते एवढंच, की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा आहे आणि कुठलाही ७११४ च्या वर गेलेला नाही. वर गेला तर तिथे पोट आहे. आधीच्यापेक्षा कमी आला तर तिथे गळा आवळलाय, हवेच्या दृष्टीने ते जास्त वाईट.

ओळंबा

लाटांबद्दल थोडं, कारण 'सेक्शन वाढवा म्हणजे नियंत्रण वाढेल' हा समज फार पसरलेला आहे.

लॉफ्ट हा शब्द जहाजबांधणीतला. जहाजाच्या रेषा पूर्ण मापात जमिनीवर काढायची जी प्रशस्त माडी असे, ती लॉफ्ट. लाकडाची लवचीक पट्टी वाकवून ती शिशाच्या वजनांनी जागेवर धरत, आणि त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. वजनं कमी असतील तर पट्टी स्वतःच्या ताठपणाने गुळगुळीत वळण घेते. जवळजवळ वजनं ठेवली आणि एक जरी अर्धा मि.मी. सरकलं, की पट्टी त्याच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट वाकते.

कॅडमधलं गणितही तसंच वागतं. लॉफ्ट प्रत्येक प्रोफाइलमधून नेमका जातो. पाच मधले स्केच हाताने काढले की प्रत्येकात ०.२ ते ०.३ मि.मी. चूक राहते, स्केचच्या प्लेनमध्ये ती दिसतही नाही. सरफेस मात्र ती प्रत्येक चूक पाळतो. म्हणून दोन प्रोफाइल आणि चांगले गाइड. त्याने काम होत नसेल तरच मध्ये एक. तिसरं घालण्याआधी गाइड तपासा.

मधले छेद लागतातच अशा आकारांना, जसं बाटलीचा खांदा, हेल्मेट, हँडल, शंकूछेदाचे वक्र वापरा. कॉनिक वक्राला दोन टोकं, दोन स्पर्शरेषा आणि रो नावाचा एकच आकडा लागतो. रो ०.५ म्हणजे पॅराबोला, कमी असेल तर लंबवर्तुळ, जास्त असेल तर हायपरबोला. ०.४१४ ला पाव लंबवर्तुळ मिळतो, वेणी यांनी वर वापरलाय तोच. सगळे छेद कॉनिकचे असतील आणि फक्त रो ०.४१ पासून ०.६ पर्यंत क्रमाने बदलत असेल तर लाट यायला जागाच राहत नाही, कारण कॉनिकला मध्ये उलट वळण घेताच येत नाही. सॉलिडवर्क्स, फ्यूजन, ऑनशेप तिन्हींत कॉनिक आहे आणि तरी फार कमी लोक त्याला हात लावतात.

स्प्लाइनच वापरायची तर सगळ्या छेदांत बिंदूंची संख्या सारखी ठेवा. पहिला स्केच कॉपी करून बदला, प्रत्येक नव्याने काढू नका. कर्व्हेचर कोंब (वक्रावर कुठे किती वक्रता आहे ते दातांच्या लांबीने दाखवणारा कंगवा) चालू ठेवा. कोंबाचे दात एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडी मारत असतील तर तिथे लाट आहेच.

पाते

विषय तोच, आकार वेगळा: प्रोपेलरचं पातं. व्यास २५०, पिच (एका फेरीत पुढे जायचं अंतर) १५०. मुळाशी आणि टोकाशी एकेक छेद देऊन लॉफ्ट केला तर मध्ये पातं बारीक होतं. का?

ओळंबा

कारण दोन छेदांमधले बिंदू सरळ रेषेने जोडले जातात. छेद थीटा कोनात फिरलेला असेल तर मधोमध त्याचं माप थीटाच्या निम्म्याच्या कोसाइनने कमी होतं. ६० अंश फिरला तर १३ टक्के बारीक, ९० फिरला तर २९ टक्के. १८ अंशांना जेमतेम सव्वा टक्का.

पिच स्थिर असेल तर कोन असा काढायचा: टॅन = पिच भागिले २ पाय आर. तुमच्या मापाला

त्रिज्या २५: ४३.७ अंश
३५: ३४.३
५०: २५.५
७५: १७.७
१००: १३.४
१२५: १०.८

२५ ते ५० मध्ये १८ अंशांचा फरक आहे, १०० ते १२५ मध्ये फक्त २.६. म्हणून छेद समान अंतरावर ठेवायचे नाहीत. मुळाशी जवळजवळ, टोकाकडे विरळ. वरचे सहा पुरतात. आधीच्या प्रतिसादाशी विरोध वाटेल, पण इथले छेद सूत्रातून आलेले आहेत, हाताने काढलेले नाहीत. चूक नसली की लाट नसते.

छेद नाका २४१२ (NACA, पंखाच्या छेदाचा एक प्रमाणित आकार) सारखा घेत असाल तर मागची कड बघा. मूळ सूत्रात ती बंद होत नाही, जीवेच्या (छेदाच्या पुढून मागे लांबीच्या) ०.२५ टक्के उघडी राहते. २०० मि.मी. जीवेला अर्धा मि.मी., चालून जातं. ३० मि.मी. जीवेला ०.०८ मि.मी., ती ना प्रिंट होते ना मिल होते. शेवटचा सहगुणक ०.१०१५ ऐवजी ०.१०३६ घेतला तर कड पूर्ण मिटते आणि मग पुढे फिलेट, शेल सगळंच अडतं. मी मागची कड ठरावीक जाडीची, उदाहरणार्थ ०.६, सरळ कापलेली ठेवतो, सगळ्या छेदांत. वरचा वक्र, खालचा वक्र आणि ही छोटी रेषा असे प्रत्येक छेदात तीनच तुकडे.

छेदाच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाकावर मात्र वक्र तोडताना जपून. वर-खाली दोन वेगळ्या स्प्लाइन केल्या आणि नाकाशी स्पर्शरेषा उभी बांधली नाही तर तिथे बारीक धार येते.

त्रिज्या

आणि टोकाला लॉफ्ट बिंदूत मिटवू नका. चार कडांचा सरफेस बिंदूत संपला की एक कड शून्य लांबीची होते, आणि त्या बिंदूवर ऑफसेटला दिशाच मिळत नाही. शेल, थिकन, फिलेट तिघेही तिथेच मरतात. टोक दोन-तीन मि.मी. आधी कापा आणि तो भाग 'फिल' किंवा 'बाउंड्री' सरफेसने भरा. फ्यूजनमध्ये बिंदूला 'शार्प' आणि 'पॉइंट टँजंट' असे पर्याय आहेत. दुसऱ्याने टोक गोल दिसतं, पण आतून शून्य लांबीची कड तशीच असते.

मोकळीरेघ

फ्रीकॅडमध्ये लॉफ्टला गाइडच नाही. तिथे हा डक्ट कसा करायचा?

साचेकार

दोन रस्ते. एक, वेणी यांचे दोन लंबवर्तुळ काढून १५-१५ अंशांच्या प्लेनवर ते कुठे छेदतात तिथून प्रत्येक छेदाची उंची घ्यायची, रुंदी ८० पासून १२० पर्यंत चढवायची आणि तेवढे छेद द्यायचे. प्रत्येक छेदात आठच तुकडे, एकाच क्रमाने आणि एकाच कोपऱ्यापासून काढलेले. तुकड्यांची संख्या जुळली नाही तर फ्रीकॅडचा लॉफ्ट पिळतो किंवा होतच नाही. 'रूल्ड' बंद ठेवा, नाहीतर छेदाछेदाला कोपर दिसेल.

दुसरा, 'कर्व्हज' हे ॲडऑन वर्कबेंच. त्यात 'गॉर्डन सरफेस' आहे, आडव्या-उभ्या वक्रांच्या जाळ्यावरून सरफेस बनवतो. अट एकच: जाळ्यातले वक्र एकमेकांना खरोखर छेदायला हवेत, जवळून जाऊन भागत नाही.

फ्यूजनवाल्यांसाठी: तिथे रेल्स (म्हणजे गाइडच) किंवा सेंटरलाइन, दोन्हींपैकी एकच घेता येतं. इथे रेल्स घ्या. रायनोत लॉफ्टची 'लूज' शैली निवडली तर सरफेस तुमच्या मधल्या वक्रांमधून जातच नाही, त्यांच्याकडे नुसता ओढला जातो. दिसतो गुळगुळीत, पण मधल्या छेदांची मापं भरत नाहीत. जिथे मधल्या छेदाचं माप नेमकं हवंय तिथे ही शैली नको.

अर्धवर्तुळ

आठ तुकडे, कोपरे १०, दोन पाव लंबवर्तुळ, कन्स्ट्रेंट 'नन'. पीळ नाही, पाचही छेद चढत्या क्रमाने, शेल २ ला पहिल्या फटक्यात झाला. एक उरलंय: खालच्या तोंडाला ८० चा सरळ पाइप जोडला, तर झेब्रा पट्टे (गुळगुळीतपणा तपासायला सरफेसवर दाखवले जाणारे काळे-पांढरे पट्टे) सांध्यावर एकमेकांना भेटतात पण तिथे मोडतात.

वेणी

पट्टे भेटतात म्हणजे स्पर्शरेषा जुळली, जी१ झालं. मोडतात म्हणजे वक्रता जुळली नाही, जी२ नाही. अपेक्षितच आहे. पाइपची भिंत लांबीच्या दिशेत सरळ, वक्रता शून्य. आतला लंबवर्तुळ मात्र सुरुवातीलाच ६४०० भागिले ७०, म्हणजे सुमारे ९१ मि.मी. त्रिज्येने वळायला लागतो. शून्यावरून तिथे एकदम उडी.

आत दडलेल्या डक्टला याने फरक पडत नाही, तसंच सोडा. बाहेरून चकचकीत दिसणारा भाग असेल तर गाइड बदलावे लागतील: पाव लंबवर्तुळाऐवजी दोन टोकांची स्टाइल स्प्लाइन, पाचव्या डिग्रीची, आणि खालच्या टोकाला पाइपच्या सरळ रेषेशी 'इक्वल कर्व्हेचर'. त्यासाठी पाइप आधी एक्सट्रूड केलेला हवा, मग लॉफ्टचा स्टार्ट कन्स्ट्रेंट 'कर्व्हेचर टू फेस' घेता येतो. पाइपच्या कडेवर आठ तुकडे हवे असतील तर त्याच्या मूळ स्केचमधलं वर्तुळच त्या आठ बिंदूंवर तोडा, म्हणजे पाइपचे फेसही आठ होतात आणि प्रत्येकाला समोर जोडीदार मिळतो.

शेल शेवटी. पाइप आणि लॉफ्ट एक बॉडी झाल्यावर, दोन्ही तोंडांचे फेस निवडून.